मोठ्या बाबूंचे ठिपके

रोज सकाळी पावणेअकराला आमच्या शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापक, शिपाई आणि मी अशी तीन जाणती माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहायचो. दाखल्यासाठी एखादा पालक येऊन बसलेला असला तर त्यालाही उभं राहावं लागायचं. ही शिक्षा नव्हती आणि प्रार्थनाही नव्हती, कारण प्रार्थना बाहेर पटांगणात आधीच आटोपलेली असायची. आमच्या पाठीमागे मोठे बाबू शाळेचा पासवर्ड टाकत असायचे.

"फिरा," असं ते म्हणाले की आम्ही फिरायचो. मग पाठीमागून एकेक बटण दाबल्याचा आवाज यायचा, दोन आवाजांच्या मध्ये भरपूर वेळ जायचा, आणि शेवटी "या आता" असा हुकूम व्हायचा. शाळेची पाच पोर्टलं, म्हणजे पाच पासवर्ड. सगळी उघडायची असली तर पहिला तास संपून जायचा. पण कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

मोठे बाबू म्हणजे शाळेचे वरिष्ठ लिपिक. खरं तर मी सांगते आहे त्या दिवसांत ते लिपिकही नव्हते. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली होती. शाल, नारळ, भाषणं, डोळ्यांत पाणी, सगळं यथासांग पार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला ते सफारी घालून दारात उभे. मुख्याध्यापक सरांनी विचारलं, "बाबू, काही राहिलं का?"

"राह्यलं तर काई नाई," ते म्हणाले. "पण मी नसलो त हे मशीन उघडीन कोण?"

ते आत आले आणि आपल्याच खुर्चीत बसले.

ती खुर्ची खरं म्हणजे माझी होती. मी मूळची इंझोरीची. रिसोडला खोली करून राहायचे आणि काळीपिवळी जीपमध्ये गुडघे दुमडून शाळेच्या गावाला यायचे. नेमणूक कनिष्ठ लिपिक म्हणून झालेली, पण जिल्ह्याहून मान्यता यायची बाकी होती. गावात लिपिकाला बाबू म्हणतात आणि मोठे बाबू आधीच असल्यामुळे मी बाई असूनही 'छोटे बाबू' झाले. स्वतः मोठे बाबू मात्र मला 'मॅडम' म्हणायचे. त्या एका शब्दात ते इतका आदर भरायचे की मला त्याची भीती वाटायची.

त्यांचं बोलणं ही एक वेगळीच चीज होती. भाषा अस्सल वऱ्हाडी, पण सगळी नोकरी आवक-जावक वहीत गेल्यामुळे मधूनमधून कार्यालयीन. चहा आला की म्हणायचे, "चहा प्राप्त झाला." ढग आले आणि तसेच निघून गेले तर, "पुढील आदेशापर्यंत तहकूब." घरून त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, डब्यासाठी फोन आला की फोन ठेवून आम्हाला सांगायचे, "स्मरणपत्र होतं. दुसरं." एकदा शिपाईभाऊंनी विचारलं, "बाबू, पाय काहून लंगडून राह्यले?" तर म्हणाले, "सदर पाय काल बैलगाडीच्या चाकाले लागला. कारवाई चालू हाय." हे सगळं ते गंभीरपणे बोलायचे. आम्ही हसलो तर त्यांना कळायचं नाही की आम्ही कशाला हसतोय, आणि त्यांना कळायचं नाही असं आम्हाला वाटायचं. आता मला त्याचीही खात्री नाही.

फोन ते खिशात ठेवत नसत. काकूंनी ब्लाउजपीसच्या कापडाची नाडी लावलेली एक पिशवी शिवून दिली होती. ती गळ्यात, शर्टाच्या आत असायची. पिशवीत फोन, फोनमध्ये शाळेचे पाचही पासवर्ड. ते त्याला पासवर्ड म्हणत नसत. "शब्द" म्हणायचे. "शब्द फोनात हाय, फोन माह्या छातीवर हाय, आन छाती माही हाय," असं एकदा मुख्याध्यापकांनी सहज विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं.

इतर शाळांचे बाबू पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिकटवून ठेवायचे, नाहीतर शाळेचंच नाव आणि पुढे एक-दोन-तीन असं काहीतरी करायचे. मोठ्या बाबूंना ते बिलकुल पसंत नव्हतं. त्यांचे शब्द फोननेच सुचवलेले होते. अक्षरं, आकडे, चिन्हं यांचा असा काला की वाचताना जीभ अडखळावी. मी एकदा विचारलं, "बाबू, असा शब्द ध्यानात कसा राहीन?"

"ध्यानात ठेवाचा कायले?" ते म्हणाले. "माणसानं केलेला शब्द माणूस वळखते. हा फोननं केलेला हाय. याले अर्थच नाई, मंग वळखीन कोण?"

मुद्दा बरोबर होता, आजही आहे.

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान वेगळाच होता. शाळेचा पासवर्ड हरवला की रिसोडला, तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात अर्ज घेऊन जावं लागायचं. तिथला ऑपरेटर एका वहीत शाळेचं नाव लिहून घ्यायचा आणि मग नवीन पासवर्ड द्यायचा. काही शाळांची नावं त्या वहीत महिन्याला एकदा तरी असायची. आमच्या शाळेचं नाव त्यात एकदाही नव्हतं. "आपल्या शाळेचा शब्द रिसोडले माहीत नाई," असं ते म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज सव्वीस जानेवारीचं सूत्रसंचालन करत असल्यासारखा व्हायचा.

एकदा तपासणीला एक साहेब आले. तरुण, घाईतले. म्हणाले, पोर्टल उघडा, पटसंख्या बघू द्या. मोठे बाबू उठले, त्यांनी खिडकीचं दार लावलं आणि म्हणाले, "फिरा."

आम्ही फिरलो. साहेब तसेच उभे.

"साहेब, तुमी बी."

"अहो, मी तपासणी अधिकारी आहे."

"हाव जी. तपासणीसाठीच फिराचं हाय. मी गुप्तता पाळतो का नाई ते पाहाचं असन त पाह्यलं तुमी. आता फिरा."

साहेब क्षणभर घुटमळले आणि फिरले. माझ्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या कॉलरवर घाम आलेला मला दिसत होता. नंतर तपासणी अहवालात त्यांनी 'अभिलेखांची गोपनीयता उत्तम' असा शेरा लिहिला. मोठ्या बाबूंनी त्याची झेरॉक्स काढून घरी नेली.

आता खरी गोष्ट सांगते, जी सांगायला मला आजही जड जातं. आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो, त्याची काही गरज नव्हती.

झालं होतं असं की शाळेला लॅपटॉप मिळाला तेव्हा तो मोठ्या बाबूंनीच उघडला होता. त्याने सुरुवातीलाच खातं विचारलं. मोठ्या बाबूंनी आपल्या फोनचं खातं दिलं. मस्टरवर सही करावी तितक्या सरळ मनाने दिलं. "त्यानं नाव इचारलं, मी सांगतलं," एवढंच त्यांच्या लेखी घडलं होतं. तेव्हापासून फोनात ठेवलेला प्रत्येक शब्द गुपचूप लॅपटॉपमध्येही जाऊन बसत होता. एवढा जपलेला ऐवज, आणि पिशवीला मागून भोक.

हे आम्हाला कळलं ते त्यांच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात. मोठे बाबू येत होते ती जीप पंक्चर झाली होती आणि एका पोरीच्या वडिलांना वाशीमची गाडी पकडायची होती, दाखला तातडीने हवा होता. मी नुसतं पोर्टलचं पान उघडून ठेवावं म्हणून चौकटीवर बोट नेलं, तर नाव आपोआप आलं आणि त्याच्याखाली काळ्या ठिपक्यांची एक ओळ उमटली. मी बटण दाबलं. पोर्टल उघडलं. मी, सर आणि शिपाईभाऊ एकमेकांकडे बघत राहिलो.

दाखला निघाला, पोरीचे वडील गेले. सर म्हणाले, "बंद करा ते."

मी बंद केलं. सव्वाअकराला मोठे बाबू धापा टाकत आले. "खोळंबा झाला असन," म्हणाले. सर म्हणाले, "झाला ना." मोठे बाबू खुर्चीत बसले, पिशवीची नाडी सैल केली, "फिरा" म्हणाले, आणि सगळ्यात आधी सर फिरले. आमच्यात काही ठरलं नव्हतं. नंतरही त्यावर कधी बोलणं झालं नाही.

मोठ्या बाबूंना ते ठिपके दिसत नव्हते असं नाही. रोज दिसायचे आणि रोज त्यांना वैताग यायचा. आमच्या पाठीमागून आवाज यायचा, "हे ठिपके रोज कोण टाकून ठेवते बाप्पा?" मग ते कालचा फळा पुसावा तसे सगळे ठिपके पुसायचे आणि फोनात बघून एकेक अक्षर नव्याने टाकायचे. एकदा सरांनी भिंतीकडे बघतच सांगितलं, "धूळ असेल, बाबू." दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबूंनी घरून मलमलचं फडकं आणलं.

पहिल्या आठवड्यात आम्ही ओठ चावून हसलो. मग हसू संपलं आणि सवय उरली. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. मान्यता माझी अडलेली, खुर्ची माझी अडलेली, आणि सकाळचा अर्धा तास मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत काढायचे. पण मोठे बाबू "या आता" म्हणाले की त्यांचा चेहरा असा काही उजळलेला असायचा की राग तिथेच विरून जायचा.

त्या वर्षी हरभरा सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत मोठे बाबू तापाने आजारी पडले. दोन दिवस आले नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस. दहावीच्या मुलामुलींचे अर्ज शाळेने तपासून पोर्टलवरून पुढे पाठवायचे होते. मी ठिपक्यांच्या भरवशावर पोर्टल उघडलं आणि अर्ध्याअधिक अर्जांची तपासणी उरकली. तिसऱ्या दिवशी मोठे बाबू मफलर गुंडाळून हजर. "फिरा" झालं, बटणं वाजली, आणि मग "या" आलंच नाही.

"सर," ते म्हणाले, "येथं लिहेल हाय, शेवटचं लॉगिन काल दुपारी. काल दुपारी मी गोधडीत होतो."

आम्ही फिरलो. मोठ्या बाबूंनी एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"मॅडम, तुमी काई...?"

"नाई बाबू," मी म्हणाले. "माह्याजवळ शब्द कुठं हाय?"

हे अक्षरशः खरं होतं आणि म्हणूनच फार वाईट खोटं होतं.

"मंग कोणीतरी शिरलं," ते हळूच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही. संध्याकाळी निघताना मला म्हणाले, "सोमवारी सगळं मशीन तपासू. कुठून शिरलं ते सापडलंच पाह्यजे. नाईतर मी इथं येऊन राह्यलो कायले?"

मी घाबरले. मशीन तपासलं असतं तर लॅपटॉपच्या पोटातली यादी सापडली असती, आणि यादीबरोबर आमची दोन वर्षंही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एकटी थांबले आणि ती यादी उघडली. शाळेची पाच नावं होती. पण खातं त्यांचं होतं, त्यामुळे त्यांची स्वतःचीही नावं होती. वीजबिलाची साइट, रेल्वेची, मुलीसाठी स्थळं बघायची एक. आणि सगळ्यात खाली एक साइट होती, जिथे लोक नोकरीसाठी अर्ज करतात. तिच्यावर त्यांनी खातं उघडल्याची तारीख निवृत्तीनंतरच्या महिन्यातली होती.

मी बराच वेळ ती ओळ बघत बसले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस फोनवर बोट फिरवत 'अनुभव' या रकान्यात काय लिहीत असेल ते मला दिसत होतं. मला लाज वाटली. बघितल्याचीही आणि रागावल्याचीही.

मग मी ठरवलं. शाळेचे पाच शब्द लॅपटॉपमधून पुसून टाकायचे. म्हणजे ठिपके बंद, यादी बंद, आणि मोठ्या बाबूंशिवाय पोर्टल खरंच कुणालाच उघडता येणार नाही. दोन वर्षं जे आम्ही खोटं खोटं करत होतो ते आता खरं होईल. एकेक नाव निवडून मी पुसत गेले. दर वेळी एक चौकट यायची, तिच्यात काहीतरी बारीक इंग्रजीत लिहिलेलं असायचं आणि खाली 'होय'. मी लिपिक आहे, पण बारीक अक्षर वाचायची सवय मोठ्या बाबूंची, माझी नाही. पाच वेळा 'होय' केलं आणि पुण्य केल्यासारखी जीपमध्ये जाऊन बसले.

सोमवार हा शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे पाठवायचा शेवटचा दिवस होता.

पावणेअकराला आम्ही फिरलो. नाडी सुटल्याचा आवाज आला. "ठिपके नाईत आज," मोठे बाबू खूश होऊन म्हणाले. मग काहीच आवाज आला नाही. फोन अंगठ्याच्या ठशाने उघडायचा, तो अंगठा सफारीवर घासल्याचा आवाज आला, परत शांतता, परत अंगठा. शिपाईभाऊंनी माझ्याकडे डोळे तिरके करून पाहिलं. मला कळून चुकलं होतं. इथे पुसलेलं तिथेही पुसलं होतं.

"या इकळे," शेवटी मोठे बाबू म्हणाले. "शब्द गेले."

"कुठे गेले?" सर म्हणाले.

"ते मले माहीत असतं त मी तिथं गेलो नसतो का?"

त्यांनी फोन सरांपुढे धरला. वीजबिल होतं, रेल्वे होती, शाळेचं एकही नाव नव्हतं. अर्ज संध्याकाळपर्यंत गेले नाहीत तर पोरांची वर्षाची शिष्यवृत्ती बुडणार होती, आणि ही पोरं अशा घरांतली की त्यातल्या कित्येकांचं अकरावीला रिसोडला जाणं त्यावरच ठरायचं होतं. मी स्वतः अशाच एका घरातून शिकले आहे.

आता एकच मार्ग होता. तालुक्याचं कार्यालय, अर्ज आणि ती वही. सरांनी शाळेच्या कोऱ्या लेटरहेडवर सही करून दिली. मोठे बाबू म्हणाले, "मी जातो. हरवलं माह्या हातून, त तोंड बी मीच दाखवतो." मी म्हणाले, मीही येते.

फाट्यावरून एसटी मिळाली. मागची सीट. मोठ्या बाबूंनी लेटरहेडची गुंडाळी उभी धरली होती आणि खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्या वाटेत मला राहवेना.

"बाबू, फोनचं काई चुकलं नाई. शब्द मी पुसले."

"फोन त माह्या गळ्यात होता."

"लॅपटॉपमधून पुसले. तिथं बी होते ते."

त्यांनी मान वळवली. "तिथं कशे?"

मी सांगितलं. एकच खातं, एकीकडे ठेवलं की दुसरीकडे जातं, एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं, आणि हे शेवटचं मला माहीत नव्हतं. ते ऐकत होते. कंडक्टर तिकीट द्यायला आला, त्यांनी मुकाट्याने तिकीट घेतलं आणि तो पुढे जाईपर्यंत थांबले.

"म्हंजे ते ठिपके..."

"हाव."

"ते माहेच शब्द होते."

"हाव बाबू."

"दोन वर्षं मी रोज माहेच शब्द पुसून राह्यलो होतो."

गाडी एका थांब्यावर थांबली, बाया टोपल्या घेऊन चढल्या, गाडी निघाली.

"तुमाले सर्वाइले माहीत होतं?"

"हाव."

"मंग भितीकडं तोंड करून तुमी पाहत काय होते?"

"कॅलेंडर."

"कोणतं?"

"खताच्या दुकानाचं हाय ना, ते."

"ते त गेल्या वर्षीचं हाय," मोठे बाबू म्हणाले. आणि मग तिकिटाची घडी घालत, "हसत असान."

"पह्यल्या हप्त्यात हसलो. मंग नाई."

त्यांनी मान हलवली. जणू आकडा बरोबर जुळला. मग खाली बघत विचारलं, "यादीतलं बाकीचं बी पाह्यलं असन तुमी?"

"नाई," मी म्हणाले. हे माझं दुसरं खोटं, आणि याचं मला आजही वाईट वाटत नाही.

"बरं," ते म्हणाले.

तालुक्याच्या कार्यालयात ऑपरेटर त्यांना बघून खुर्चीतून उठलाच. "बाबू, तुमी? वही काढू का खरंच?" मोठ्या बाबूंनी मान हलवली आणि बाकावर बसून मांडीवर लेटरहेड ठेवून अर्ज लिहायला घेतला. अर्जात कारण लिहावं लागतं. मी वाकून पाहिलं. त्यांचं ते सुबक, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर सांगत होतं: 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, सदर शाळेचे सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक यांना वयोमानपरत्वे झालेल्या विस्मरणामुळे...'

"बाबू, हे काय लिहून राह्यले? चूक माही हाय. माहं नाव लिहा."

"हळू बोला," ते म्हणाले, आणि पेन न थांबवता पुढे म्हणाले, "तुमची मान्यता याची हाय अजून. तुमचं सेवापुस्तक आता उघडून राह्यलं. पह्यल्याच पानावर हे लागलं त निघणार नाई. माहं पुस्तक बंद झालं, शिक्का बसला. आता लाल शेरा माराले त्यायच्याकडं पानच नाई."

मला रडू आलं. कार्यालयाच्या बाकावर, लोकांसमोर. त्यांनी मला सफारीच्या खिशातलं ते मलमलचं फडकं दिलं आणि अर्ज घेऊन खिडकीशी गेले.

ऑपरेटरने वहीत आमच्या शाळेचं नाव लिहिलं. मोठ्या बाबूंनी त्याच्यापुढे सही केली आणि शाळेचं नाव नीट तपासून एक काना दुरुस्त करून घेतला. ऑपरेटर म्हणाला, "पोर्टलले मोबाइल नंबर तुमचाच लागून हाय. तोच ठेवू?"

मोठ्या बाबूंनी पेनाला टोपण लावलं. "यायचा टाका," त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"बाबू, तुमचाच राहू द्या ना," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

"मॅडम," ते म्हणाले, आणि या वेळी त्या शब्दात आदर नुसता आदरच होता, "दुसऱ्याच्या गळ्यातल्या नंबरवर ऑफिस चालत नसते. मी चालवलं. चूक झाली ते."

तीनच्या आत आम्ही परत आलो. मी एकेक अर्ज उघडून पुढे पाठवत गेले आणि मोठे बाबू शेजारी बसून नावं वाचून दाखवत गेले, वडिलांच्या नावासकट, गावासकट. प्रत्येक पोराची आत्या कुठे दिली आहे तेही त्यांना माहीत होतं. शेवटचा अर्ज गेला तेव्हा शाळा सुटली होती. त्यांनी मला आपलं खातं लॅपटॉपमधून काढायला सांगितलं. या वेळी चौकट आली तेव्हा त्यांनी चष्मा लावून तिच्यातलं बारीक इंग्रजी पूर्ण वाचलं आणि मग म्हणाले, "करा."

दारात ते थांबले. "मंग मॅडम, उद्यापासून मी किती वाजता याचं नाई?"

ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. "कायले असं बोलता बाबू," मी म्हणाले. ते पिशवी शर्टाच्या आत सारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी माझ्या खुर्चीत बसले, जी मला दोन वर्षं हवी होती, आणि तिच्यात बसून मला जराही बरं वाटलं नाही. सर तीनदा विचारून गेले. शिपाईभाऊ पावणेअकराला उगीच रस्त्यापर्यंत जाऊन यायचे. काकूंचा फोन आला, ऑफिसच्या नेहमीच्या नंबरवर. "तिकडं काई भांडण झालं का बाई? माणूस घरात बसून माह्या सैपाकघरातल्या डब्यायवर नंबर टाकून राह्यला."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मोठे बाबू आले. सफारी नव्हती, साधा सदरा-पायजमा. आत न येता उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"या ना बाबू," सर उठून म्हणाले.

"अभ्यागत नोंदवही द्या आधी," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसानं नोंद केल्याबिगर आत याचं नाई, हा नियम हाय. मीच काढेल हाय."

मी वही आणून दिली. त्यांनी उभ्याउभ्याच दाराला टेकवून लिहायला घेतली. दिनांक लिहिला. वेळ लिहिली. पूर्ण नाव, गाव, मुक्काम पोस्ट, तालुका. मग 'भेटीचे कारण' हा रकाना आला आणि पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं, सरांकडे, शिपाईभाऊंकडे, माझ्याकडे. एखादं कारण मिळावं म्हणून मी टेबलावरचे कागदसुद्धा चाळले.

मोठ्या बाबूंनी मान खाली घातली आणि त्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, 'सहज'. मग चपला काढून ते आत आले.